बिरजूचा खडा

माझ्या बायकोची अंगठी खराब झाली असं माझी नात म्हणते. ते मला मान्य नाही, म्हणून लिहायला बसलो. मी चौथीपर्यंत शिकलेला. नात म्हणाली, "आबाजी, तुमी बोला, मी मोबाईलवर टाईप करून देते." म्हटलं, काही गरज नाही. या हातांनी भट्टीचे गर्डर वर चढवले, चार पानं लिहून होणार नाहीत काय? ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चुकलं.

नात डिसेंबरातली. यंदा वाढदिवसाला तिच्या आजीची चांदीची अंगठी तिला द्यायचं मी ठरवलं. ट्रंकेतून काढून हातावर ठेवली तर पोरगी उडालीच. "आबाजी, ये तो मेरा ही बर्थस्टोन है! दिसंबर का!" मग खडा खिडकीपाशी नेला, फिरवून पाहिला आणि तोंड पाडलं. "पन हा त हिरवा हाय. ओरिजिनल निळा असते न, आसमानी. खराब हो गया ये. दुसरा बसवून घेऊ का?"

"हात लावू नको त्याले," मी म्हटलं.

मग तिनं मला मोबाईलवरून वाचून दाखवलं. मिसर देशातल्या राजांच्या थडग्यांत हा खडा सापडतो. तिबेटातल्या बाया केसांत गुंफतात. इराणच्या खाणीतला सगळ्यात चांगला. आणि कोणत्या महिन्यात जन्मलेल्यानं कोणता खडा घालायचा, ती बारा महिन्यांची यादी म्हणे अमेरिकेतल्या सराफांनी बैठक घेऊन पक्की केली. मला हसू आलं. दुसऱ्यानं बसून आपला जन्म ठरवायचा, हा प्रकार मला नवा नाही.

भिलाईच्या लोखंडाच्या कारखान्यात भरतीच्या दिवशी कारकुनानं विचारलं, जन्मतारीख? मी सांगितलं, नदीला मोठा पूर आला त्याच्या आदल्या साली, पेरणी आटोपल्यावर. त्यानं मान वर न करता लिहिलं, एक जुलै. माझ्या मागचा म्हणाला, आई म्हणते मी संक्रांतीचा. एक जुलै. आमच्या टोळीतले अर्ध्याहून जास्त लोक एकाच दिवशी जन्मले. टोळी खलाशांची होती. खलाशी म्हटल्यावर लोकांना जहाज आठवतं. भिलाईत खलाशी म्हणजे दोर, साखळी, कप्पी लावून जड लोखंड वर चढवणारा माणूस. पहिली भट्टी उभी राहत होती ते दिवस. आमच्यापुढं झाडांपेक्षा उंच लोखंड आणि वर मोकळं आभाळ.

त्याच साली उन्हाळ्यात माझं लग्न झालं. बायको भंडाऱ्याकडची, तळ्याकाठच्या गावातली, धानवाल्यांच्या घरची. मी तिला आणली ती कारखान्याजवळ, मरोद्याच्या पत्र्याच्या खोलीत. बाहेर लाल मुरूम, नजर जाईल तिथवर खणून ठेवलेली जमीन. एका बाजूला तेलुगू बोलणारं बिऱ्हाड, दुसऱ्या बाजूला पंजाबी, समोर छत्तीसगढी. तिला येत होती फक्त आपली बोली. नळावर जायची, गुंडी भरायची, कोणाशी न बोलता परत यायची.

निरोप देताना सासरे माझ्यासमोरच तिला म्हणाले होते, "पोरी, पाह्य चार-सा महिने. नाई करमलं त धान निंगल्यावर मी येतो, तुले घेऊन जातो."

मला ते लागलं. मी म्हटलं, "हो मामाजी, बांधून थोडीच ठेवाची हाय."

म्हणजे सगळा मामला धान निघण्यावर येऊन थांबला. ती राहणार की जाणार, एवढाच. "तुले इथं करमते का?" हे तीन-चार शब्द मी विचारले असते तर तिथंच उलगडा झाला असता. पण नाही विचारले. मी म्हणायचो, तिनं आपणहून सांगावं. नाही म्हणाली तर? खाली मान घालून ऐकायची मला सवय नव्हती, अजून नाही.

काम असं होतं की संध्याकाळपर्यंत खांदे सुजून यायचे. दोराचे वळ उठायचे. एका दिवशी मी सदरा काढला तेव्हा तिनं पाहिलं. वाटीत जवसाचं तेल घेतलं, त्यात हळद टाकली, चुलीवर कोमट केलं आणि म्हणाली, "बसा, पाठ करा इकडं."

मी भिंतीकडं तोंड करून बसलो. ती खांदे चोळायला लागली.

"हे काय लावून राहिली?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी आमी बैलाच्या खांद्याले लावतो तेच. राग नका मानू."

"बैलाले तरी पुसते काय कोनी, राग आला का म्हून."

ती हसली. मरोद्याला आल्यावर पहिल्यांदा हसली. मी भिंतीकडं तोंड करून होतो, म्हणून ते मी ऐकलं फक्त, पाहिलं नाही. त्यानंतर रोज दिवेलागणीला मी कामावरून आलो की वाटी तयार असायची. मी भिंतीकडं तोंड करून बसायचो. नवऱ्याची सेवा बायको करतेच, त्यात बोलायचं काय, असं तेव्हा वाटायचं.

आता खड्याचं सांगतो.

रशियन साहेब लोकांबरोबर एक रशियन बाई दुभाषी म्हणून यायची. तिची हिंदी पुस्तकातली. "कृपया इस रस्सी को ऊपर कीजिए" म्हणायची आणि आमची टोळी हसून हसून दोर सोडायची. एका दुपारी तिच्या अंगठीतला खडा निघून वाळूच्या ढिगात पडला. बाई रडवेली झाली. साहेब म्हणाले, सोडून दे. मी जेवणाच्या सुट्टीत गवंड्याकडून चाळणी आणली आणि ढीग चाळायला बसलो. सोबतचे म्हणाले, "अबे, भाकर खा, तो काही हिरा हाय काय?" ते असं म्हणाले म्हणूनच मी उठलो नाही. भाकर राहिली, खडा सापडला. हरभऱ्याएवढा, निळा, मधून एक काळी शीर गेलेली.

बाईनं तो रुमालात बांधला आणि मला सांगायला लागली. तिच्या आईनं दिलेला होता. तिचा जन्म डिसेंबरचा आणि हा डिसेंबरचा दगड. रशियन भाषेत नाव सांगितलं, बिर्युझा. आमच्या टोळीनं त्याचं तिथंच बिरजू केलं. मग बाई म्हणाली, "जिसके हाथ में यह रहता है, उसका मन बुझ जाए, तो इसका रंग भी बदल जाता है।" मला विचारलं, "आपका जन्मदिन कब है?"

"एक जुलै."

"और आपका?" तिनं बाजूच्याला विचारलं.

"एक जुलै."

"और आपका?"

टोळी खो खो हसत सुटली. बाईला वाटलं, आम्ही तिची मस्करी करत आहोत. मग मी समजावून सांगितलं. कागदावरचं खोटं, घरचं खरं. माझ्या बायकोची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही, पण तिची आई सांगते की खळ्यावर धान चुरत असताना कळा लागल्या. बाईनं बोटांवर हिशेब लावला आणि म्हणाली, "तब तो दिसंबर!"

ते माझ्या डोक्यात बसलं. मन बुझलं की रंग बदलतो. म्हणजे मला विचारायची गरजच नाही. बिरजूच सांगेल.

सुट्टीच्या दिवशी सायकल काढून दुर्गला गेलो. वाटेत, आज जिथं पद्मनाभपूरची वस्ती आहे तिथं मला तेव्हा धानाच्या बांध्याच दिसायच्या. दुर्गच्या बाजारात नागपूरकडचे एक म्हातारे सोनार बसत. त्यांना म्हटलं, "बिरजूचा खडा पायजे."

"कोन बिरजू?"

मी खूण सांगितली. ते म्हणाले, "अरे, पिरोजा म्हन, पिरोजा! इराणाकडून येते तो. मोगलाईत घोडेस्वार घोड्याच्या कपाळावर बांधत, घोडा ठेचकाळू नये म्हून. तुले कावून पायजे?"

"बायकोचा जन्माचा खडा हाय."

"जन्माचा? पत्रिका आनली? नवग्रहाचे खडे नऊ. माणिक, मोती, पोवळं, पाचू..." त्यांनी बोटांवर नऊही मोजले. "त्यात पिरोजा कोठी हाय? कोन्या जोश्यानं सांगितलं तुले?"

"रशियन बाईनं."

सोनारानं चष्मा कपाळावर सारला आणि मला नीट पाहून घेतलं. "बरं बाप्पा. आता रशिया पत्रिका मांडते त तसंच सही." तरी कपाटातून एक पुडी काढली. तीन खडे होते. मी काळ्या शिरेचा निवडला. ते म्हणाले, शहाणा आहेस, एकदम साफ असेल तो बहुधा काचेचा असतो. चांदीत बसवून दिला.

घरी येऊन अंगठी तिच्या हातावर ठेवली. तिनं बोटात घातली आणि हात लांब धरून पाहिला. "आमच्या तळ्यासारखा दिसते, पानी भरल्यावर." इतकं छान बोलली ती, आणि मी काय बोललो असेन? मी म्हटलं, "घालनाऱ्याचं मन बदललं का रंग बदलते हा. हातातून काढू नको कधी." प्रेमानं सांगायचं ते दम दिल्यासारखं सांगितलं. तिनं मान हलवली.

दसरा झाला, दिवाळी झाली. दिवाळीनंतर एका सकाळी ती भाकर वाढत होती आणि माझी नजर अंगठीवर गेली. निळ्याच्या काठानं हिरवट झाक. वाटलं, उजेडाचा फरक असेल. आठ दिवसांनी पुन्हा पाहिलं, जास्त हिरवा. आणि तिच्याही ध्यानात आलं असावं, कारण ती हात लपवायला लागली. वाढताना डावा हात पदराखाली. नळावर जाताना खडा मुठीत फिरवलेला.

मला काय समजायचं ते मी समजलो.

बोलणं कमी केलं. भाजी कशी झाली विचारलं तर "ठीक." दिवेलागणीला तेल चोळायला बसलो तरी गप्प. ती चोळत राहायची, रोज, एक दिवस चुकला नाही. मी भिंतीकडं पाहत मनात म्हणायचो, कशाला करते हा देखावा, मन तर गेलं गावाला.

धान निघालं आणि एका रविवारी सकाळी सासरे आले. खांद्यावर नव्या धानाच्या पोह्यांची पिशवी. ती दारातच त्यांच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसत आत गेली. थोड्या वेळानं मी पाणी आणायला आत गेलो तर फळीवर देवाच्या तसबिरीपुढं अंगठी काढून ठेवलेली.

काढू नको म्हटलं होतं. काढली. बाप आल्याबरोबर काढली.

सासऱ्यांनी पाणी पिऊन विचारलं, "मंग जवाई, काय म्हनते पोरगी? करमून राहिलं काय?"

ती आत चुलीशी होती. मी मोठ्यानं म्हटलं, "तिले नाई करमत, मामाजी. संध्याकाळच्या पॅसिंजरनं घेऊन जा."

आतून चिमटा खाली पडल्याचा आवाज आला. मी फळीवरची अंगठी उचलली, खिशात घातली आणि सायकल काढली. सोनाराला परत देणार, झालं.

इतक्या जोरात मी दुर्गला कधी गेलो नाही. सोनारापुढं अंगठी आपटली. "घ्या तुमचा पिरोजा. खोटा नाई, खराच हाय. बरोबर सांगितलं त्यानं."

म्हाताऱ्यानं अंगठी उचलली, खडा पाहिला, नखानं खरवडला आणि नाकाशी नेला. पुन्हा वास घेतला.

"जवस," ते म्हणाले. "जवस आन हळद. अरे, हा खडा लय पितो. तेल लागलं का आत ओढून घेते, आन निळ्यात पिवळं मिळालं का हिरवं होईल नाई त काय होईल? एक-दोन दिवसाचं काम नाई हे. महिना-दोन महिने रोज मुरलं हाय." मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "कोनाचं अंग चोळते रे तुही बायको?"

सदऱ्याच्या आत माझ्या खांद्यांना तोच वास होता. तिथं उभ्या उभ्या मला तो आला.

"बदलून देऊ काय?" सोनारानं विचारलं.

"नाई." मी अंगठी त्यांच्या हातातून हिसकलीच म्हणा.

परत येताना सायकलची चेन दोनदा उतरली. घरी पोचलो तेव्हा हात काळे, दम लागलेला. दारात गाठोडं बांधून तयार. सासरे खाटेवर बसून टोपी नीट करत होते. "आले काय जवाई? बरं झालं. गाडीचा टाईम होऊन राहिला. दुर्गपर्यंत जाचं हाय." ती कोपऱ्यात उभी, डोळे सुजलेले.

सासऱ्यांपुढं, शेजारणी दारातून पाहत असताना, मी विचारलं. आवाज जरा मोठाच लागला असेल.

"तुले इथं करमते काय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "अवो, सा महिने झाले. आज पुसता?"

"आज पुसतो."

"सकाळी त तुमीच सांगून टाकलं, करमत नाई म्हून. मले पुसलं होतं काय?" मग दोन्ही हात पुढं केले. तळवे पिवळे, नखं पिवळी. "हे पाहा हात माहे. नळावरच्या बाया पुसते, रोज हळद लागते काय तुमच्याकडं? जाचं असतं त कोन इतकी हळद वाटते?"

"मंग अंगठी कावून काढली?"

"देवापुढं ठेवली होती. म्हटलं, बाबा जाईपर्यंत तरी निळी करून दे रे देवा. तुमी त सांगितलं होतं, मन बदललं का रंग बदलते. माहं मन नाई बदललं, आन हा मेला हिरवा होऊन राहिला रोज. तुमाले दिसला त तुमी काय समजसान, म्हून लपवून राहिली होती." आणि ती रडायला लागली.

सासरे एकदा तिच्याकडं पाहत होते, एकदा माझ्याकडं. शेवटी म्हणाले, "बाप्पा बाप्पा! मंग मी काय पॅसिंजरचे डबे पाहाले आलो काय इथवर?" त्यांनी स्वतःच वाकून गाठोड्याची गाठ सोडली. "पोरी, नव्या धानाचे पोहे हाय, भिजव. मले भूक लागली."

अंगठी माझ्या मुठीतच होती. तिच्या बोटात घातली, काळ्या हातानं. ती म्हणाली, "हिरवी झाली पन."

मी म्हटलं, "हिरवीच बरी. सवाष्णीच्या हातात चुडा हिरवाच असते न? मंग खडा निळा कायले पायजे?" हे मला आधी सुचलेलं नव्हतं, तेव्हाच तोंडात आलं. पण एकदा बोललो म्हणजे बोललो. पुढं कितीतरी वर्षांनी कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टरमधल्या बाया तिला सांगायच्या, अवं, खडा बदलून घे. ती म्हणायची, आमच्या घरी हिरवाच चालते.

पोहे खाताना सोनार काय म्हणाले ते मी दोघांना सांगितलं. पोहे खाऊन सासरे भट्टीची उंची पाहायला म्हणून रस्त्यापर्यंत गेले. तिनं सवयीनं वाटी कोमट केली. म्हणाली, "अंगठी काढू काय? सोनारबाबा त तेल नको म्हनते."

"नको काढू."

"पाठ करा इकडं."

त्या दिवशी मी भिंतीकडं तोंड केलं नाही. तिच्याकडं तोंड करून बसलो. तिला चोळायला अडचणीचं होत होतं, दोनदा म्हणाली, "असं कसं जमन?" पण मी हललो नाही. हट्टी माणूस आहे मी. ती हसली, आणि या वेळी मी पाहिलं.

तिला जाऊन आता काही वर्षं झाली. खड्याला वास राहिलेला नाही. मी नाकाशी नेऊन पाहिला आहे, एकदा नाही, पुष्कळदा. हे सगळं लिहून झाल्यावर नातीला वाचायला दिलं. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचते. वाचून झाल्यावर अंगठी बोटात घातली, हात लांब धरून पाहिला, अगदी तिच्या आजीसारखा.

"आबाजी," ती म्हणाली, "तुमचे खांदे अजून दुखते काय?"

म्हटलं, दुखतात.